तीन सारख्या टेकड्या

लाखेचा वास पन्नास वर्षं टिकतो हे मला माहीत नव्हतं. गॅरेजमधल्या कपाटामागून पुठ्ठ्याची एक लांब नळी निघाली. तिचं टोपण काढलं, आणि अमेरिकेतल्या कॅरी गावच्या या दमट मे महिन्यात माझ्या नाकात एकदम हिवाळा शिरला. स्पिरिट, लाख, काजळी आणि त्यांच्यामागे कुठेतरी ओल्या लोकरी कोटांचा वास. मी तिथेच एका बांधलेल्या खोक्यावर बसले. खोक्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'स्वयंपाकघर, सात, जड'.

रेवा, ईशान, आजीच्या घरात प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असते हे तुम्हाला ठाऊक आहे. डाळींच्या डब्यांना आहे, औषधांच्या खणाला आहे, ईशानच्या मागे राहिलेल्या एकुलत्या एका मोज्यालासुद्धा आहे. आता हे घर सोडून मी दोन खोल्यांच्या जागेत जाणार, म्हणून दिवसभर चिठ्ठ्याच लिहिते आहे. खरं सांगायचं तर दमले आहे. खोकी उचलून नव्हे, ती उचलायला माणसं येणार आहेत. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती कोणाची होती हे आठवायचं, त्याने दमले आहे. पण चिठ्ठी लावायचीच, आणि ती बरोबर लावायची. चुकीची चिठ्ठी मला खपत नाही. तुमच्या आईला विचारा. साखरेच्या डब्यात तिने एकदा मीठ भरलं होतं, त्याचं मी काय केलं ते ती तुम्हाला सांगेल.

त्या नळीत माझ्या हातची एक चुकीची चिठ्ठी आहे. रेवाने ती ओळखली. म्हणून हे लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या, आणि घाई करू नका.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी नळीतली गुंडाळी तुमच्यासमोर उलगडून धरली होती. काळाभोर, चकचकीत कागद, त्यावर केसाएवढी बारीक पांढरी रेघ, आणि त्या रेघेत एकापुढे एक तीन उंचवटे. तुमच्याकडे सनीव्हेलला सकाळ होती. ईशानच्या तोंडात वॅफल होतं, आणि ते तसंच ठेवून तो म्हणाला, माउंटन्स. मी म्हटलं, टेकड्या म्हण, एवढ्या उंच नाहीत. रेवा मात्र स्क्रीनच्या अगदी जवळ आली. तिच्या भुवया आजोबांच्या जुळायच्या तशा जुळल्या.

"आजी, ते सगळे सेम का आहेत? रिअल हिल्स सेम नसतात ना."

मी म्हटलं, नंतर सांगते. पाय दुखतो म्हणून कॉल लवकर बंद केला. पाय दुखत होताच. पण ते कारण नव्हतं.

*

आम्ही या देशात आलो ते मक्याच्या शेतांमधल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावी. आजोबा तिथे इंजिनिअरिंग शिकत होते. सहा महिने बर्फ, आणि उरलेले सहा महिने बर्फाच्या गोष्टी. जमिनीखाली सगळा चुनखडीचा दगड, त्यामुळे नळाचं पाणी इतकं जड की किटलीच्या आतून पांढरं कवच धरायचं. आजोबा ते चमच्याने खरवडायचे आणि म्हणायचे, इथे चहाबरोबर भिंतही प्यावी लागते.

माझी प्रयोगशाळा तळघरात होती. बारा पायऱ्या खाली उतरलं की आधी गिनीपिगांच्या गवताचा वास यायचा, मग कॉफीचा, मग आमचा स्वतःचा, स्पिरिटचा. छताजवळ एक अरुंद खिडकी होती. तिच्यातून माणसं दिसत नसत, फक्त त्यांचे बूट. हिवाळ्यात बुटांवरून मी माणसं ओळखायला शिकले.

तोवर अमेरिकेत इतर सगळीकडे शाईच्या पेनांची यंत्रं आली होती. आमच्या म्हाताऱ्या प्रोफेसरांना ती आवडत नसत. त्यांना काजळीचा ड्रम हवा असे. पितळेचं एक पिंप, त्याच्याभोवती गुळगुळीत कागद ताणून चिकटवायचा, मग धुरकट ज्योतीवर ते सावकाश फिरवत काजळी धरायची. थर जाड झाला तर पोपडे निघतात, पातळ राहिला तर रेघ उठत नाही. मखमलीसारखा काळा रंग आला की थांबायचं. हे काम येणारं माणूस त्यांना तिथे मिळेना. मी मुंबईच्या कॉलेजात दोन वर्षं तेच करून आले होते. आजोबा सगळ्यांना सांगायचे, हिला नोकरी डिग्रीमुळे नाही मिळाली, काजळ पाडता येतं म्हणून मिळाली.

संध्याकाळी घरी गेले की माझ्या नाकपुड्या आतून काळ्या असत. रुमाल पांढरा वापरणं मी सोडून दिलं होतं.

ड्रमशेजारी काचेचं पात्र असे, उभ्या पेल्याएवढं, आणि त्याभोवती कोमट पाण्याचं दुसरं. आतल्या पात्रात सशाच्या मोठ्या रक्तवाहिनीची एक बारीक पट्टी दोऱ्याने बांधलेली. खालचं टोक पक्कं, वरचं टोक एका हलक्या काडीला. पात्राच्या तळाशी सच्छिद्र काचेची चकती होती, तिच्यातून वायूचे बुडबुडे वर यायचे, दिवसभर, एका लयीत. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की रविवारी घरात तो नसला की मला चुकल्यासारखं व्हायचं. पट्टी आकसली की काडी हलायची, आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ वर चढायची. मेलेल्या सशाची ती दोन बोटं लांबीची पट्टी कोमट खारट पाण्यात संध्याकाळपर्यंत जिवंत राहायची. तिला बघत बसणं हे माझं काम होतं. असं काम पुन्हा कधी मिळालं नाही.

आता रेवाच्या प्रश्नाकडे येते. त्यासाठी एवढं समजून घ्या. आपल्या रक्तवाहिन्यांत, आतड्यांत, पोटात जे स्नायू असतात ते आपल्याला विचारून हलत नाहीत. औषधाचा थेंब पडला की ते आकसतात. पण औषध फक्त दार वाजवतं. आत जाऊन काम करतं ते कॅल्शियम. दुधातलं, हाडांतलं, खडूतलं, तेच. ते बाहेरच्या पाण्यातून आत येतं, आणि थोडं स्नायूने स्वतःजवळ आत साठवूनही ठेवलेलं असतं. बाहेरचं सगळं कॅल्शियम काढून टाकलं तर काय होईल, हा आमच्या प्रोफेसरांचा प्रश्न होता. आतल्या साठ्यावर स्नायू किती वेळ तग धरेल?

माझ्याकडे आता रोज सकाळी दोन गोळ्या असतात. एक हाडांसाठी कॅल्शियम देते, दुसरी रक्तदाबासाठी त्याच कॅल्शियमला स्नायूच्या दारात अडवते. आधी बोलवायचं, मग उंबऱ्यावर थांबवायचं. डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. मी मात्र ते विनोदाने म्हटलं नव्हतं.

*

प्रयोगशाळेत आम्ही तिघं होतो. प्रोफेसर, मी आणि मार्गी.

मार्गी बाटल्या धुवायची, पाणी ऊर्ध्वपातित करायची, द्रावणं मोजून बनवायची. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, रुंद हातांची, गावाबाहेरच्या शेतावर राहणारी. तिच्या कोटाला नेहमी कोंबड्यांच्या खाद्याचा वास यायचा, कोरडा, पिठासारखा. बर्फात चालताना पाऊल सपाट टाकायचं हे तिने मला शिकवलं. कोणत्या दुकानात मिरची मिळते ते शोधून दिलं, आणि ती मिरची एकदा खाऊन पाहिली, तेव्हा दहा मिनिटं नळाखाली तोंड धरून उभी होती. दर शुक्रवारी माझ्या टेबलावर सहा अंडी ठेवायची, तपकिरी, कधी कधी अजून कोमट.

शाळेपलीकडे ती शिकली नव्हती. पण मी यायच्या आधीच्या दोन वर्षांत तिने प्रोफेसरांचं बघून बघून पट्टी कापायला, बांधायला शिकून घेतलं होतं. तिचे हात माझ्याहून स्थिर होते. तिची एक हिरव्या पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात ती आमच्या रेघांची चित्रं पेन्सिलीने काढून ठेवायची आणि बाजूला एकेक ओळ लिहायची. प्रोफेसरांनी तिला कबूल केलं होतं की उन्हाळ्यात एक पात्र तिचं, तिच्या स्वतःच्या प्रयोगासाठी, आणि छापून येणाऱ्या शोधनिबंधावर तिचं नाव येईल. ते तिने मला दोनदा सांगितलं, मधे विसरल्यासारखं करून.

ती माझी इथली पहिली दिवाळी. आईने सामानात रांगोळीचा स्टीलचा डबा दिला होता, शिरगोळ्याच्या मऊ दगडाची पांढरीशुभ्र पूड, चहाच्या डब्याएवढा. पण आमच्या अपार्टमेंटच्या दाराबाहेर सगळ्यांचा मिळून एक लांब बोळ होता आणि त्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत तपकिरी गालिचा. रांगोळी काढायची कुठे? डबा तसाच फडताळात राहिला.

आपल्याकडे दिवाळीच्या आधी घर घासून निघतं. चांदीची निरांजनं, ताम्हन, अत्तरदाणी आम्ही रांगोळीनेच घासायचो. ओल्या फडक्यावर चिमूटभर घ्यायची आणि गोल गोल हात फिरवायचा. दुसऱ्या कशाने ती झळाळी येत नाही. इथे घासायला घरात काहीच नव्हतं. दोन पातेली आणि एक तवा. हात शिवशिवत होते. आणि प्रयोगशाळेतल्या त्या काचेच्या पात्राला आतून एक पिवळट कडं धरलं होतं, ते मला किती दिवस खुपत होतं. आम्लाने जात नव्हतं.

मार्गी त्या दिवशी आली नव्हती, तिची धाकटी आजारी होती. मी कोटाच्या खिशातून डबा नेला. नळाशी उभी राहून ते पात्र मी आईच्या अत्तरदाणीसारखं घासलं. गुणगुणतसुद्धा असेन. काच अशी निघाली की आत पाणी आहे की नाही कळेना. मग ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा विसळलं, नियमाप्रमाणे. डबा सिंकच्या मागच्या फळीवर ठेवला, पुन्हा लागेल म्हणून, आणि विसरले.

मी. जिच्या घरात मोज्यालाही चिठ्ठी असते. त्या एका डब्याला मी चिठ्ठी लावली नव्हती.

त्याच आठवड्यात आम्ही कॅल्शियम काढून टाकलेल्या पाण्यातला प्रयोग सुरू केला. रक्तवाहिनी आकसवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचा थेंब टाकला, रेघ चढली. नेहमीपेक्षा कमी, पण चढली. धुतलं, ताजं पाणी भरलं, पुन्हा थेंब. पुन्हा तेवढीच. तिसऱ्यांदा, तेवढीच. प्रोफेसर स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणजे बाहेरच्या कॅल्शियमवाचून स्नायूचं चालतं तर, आतला साठा एवढा मोठा. ते त्यांनी मला तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावून सांगितलं. एवढं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

मी सुई घेतली आणि काजळीवर, रेघेखाली, इंग्रजीत कोरलं: कॅल्शियम-फ्री. मग कागद ड्रमवरून कापून, काजळी पक्की बसावी म्हणून लाखेच्या ताटातून ओढला आणि दोरीला चिमटे लावून वाळत घातला. दुपारभर तो खिडकीखाली लटकत होता. त्यातून थेंब गळत होते, आणि वरून बूट जात होते.

मार्गी हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली. बराच वेळ.

"थकायला नकोत का हे?" ती म्हणाली. "घरातल्या डब्यातलंच खायचं आणि नवीन भरायचं नाही, तर तिसऱ्या दिवशी कमी पडायला हवं."

प्रोफेसर हसले. चांगल्या मनाने हसले. मीही हसले, आणि म्हटलं, आमचा ससा कसदार होता. मार्गीने वहीत तीन टेकड्या काढल्या, आणि तिसरीपुढे एक प्रश्नचिन्ह.

*

बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. प्रोफेसरांनी आमचा निकाल बाहेर कळवला होता, आणि दुसऱ्या कुठल्या विद्यापीठातून पत्र आलं की त्यांना आमच्यासारखं काही मिळत नाही. त्यांची रेघ दुसऱ्या थेंबालाच बसते, तिसऱ्याला हलतही नाही. प्रोफेसरांनी आमच्या पात्रातलं पाणी रसायनशास्त्राच्या इमारतीत तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी ते हातात कागद घेऊन पायऱ्या उतरले. पाण्यात कॅल्शियम होतं.

ते ओरडले नाहीत. या देशातली म्हातारी माणसं ओरडत नाहीत. बाटल्या कोण धुतं, एवढं विचारलं, जणू त्यांना माहीत नव्हतं.

"तीन वेळा विसळते," मार्गी म्हणाली. "ऊर्ध्वपातित पाण्याने. दर वेळी तीन."

ते म्हणाले, ते दिसतंच आहे. गावचं पाणी किती जड आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, असंही म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे दोन डिग्र्या होत्या.

ते वर गेल्यावर मी पात्र सोडवलं. तळाच्या काचेच्या चकतीच्या छिद्रांत, अगदी बारीक, पांढरं काही बसलं होतं. बुडबुडे महिनोन्‌महिने त्याच्यातूनच वर येत होते. मी चकती आम्लाच्या पेल्यात टाकली. त्या पांढऱ्यातून मोहरीएवढे फुगे उठले, वर आले, फुटले. खडूवर आम्ल टाकलं की असेच येतात. मला डबा आठवला. फळीवर बघितलं, डबा तिथे नव्हता. तो कधी, कुठे गेला, याचा मी शोध केला नाही. त्याहून सोपं असं काही मी आयुष्यात केलं नसेल.

पलीकडच्या खोलीत मार्गीचा नळ चालू होता. माझ्यापासून दहा पावलांवर. मी त्या नळाचा आवाज ऐकत उभी होते, आणि मग तो बंद झाला.

का बोलले नाही ते विचारू नका. पन्नास वर्षांत मी पुष्कळ कारणं शिवली, एकही अंगाला नीट बसलं नाही.

पुढच्या सोमवारी मार्गीला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, सगळ्या इमारतीची काचेची भांडी धुवायच्या खोलीत. तिथे वाफ असायची, आणि खिडकी नव्हती. निबंधाचं, उन्हाळ्याच्या पात्राचं पुढे कोणी बोललं नाही. हिरवी वही तिच्या खणात राहिली होती. मी ती वर नेऊन दिली. तिने ती हातात घेतली, आणि माझ्या काजळी लागलेल्या नाकाकडे बघून स्वतःच्या नाकाला बोट लावून दाखवलं, पूस म्हणून.

अंडी मात्र थांबली नाहीत. दर शुक्रवारी ती दोन मजले उतरून यायची. पुठ्ठ्याचं खोकं टेबलावर ठेवायची. मग लगेच जायची नाही. हवेबद्दल काही बोलायची, खिडकीतल्या बुटांबद्दल काही. तिची बोटं गरम पाण्याने सुरकुतलेली असत. मी तिला मिरच्यांचा ठेचा द्यायचे, ती तो हसून परत करायची. मग ती जायची.

ती अंडी मी खाल्ली. दर शनिवारी, कांदा घालून.

दोन वर्षांनी आजोबांना इकडे काम मिळालं. माझ्या शेवटच्या दिवशी मार्गी खाली आली. हातात स्टीलचा डबा. झाकणाला चिकटपट्टी लावलेली, तिच्या पद्धतीने, एकही सुरकुती न पडता.

"हा तुझा असावा," ती म्हणाली. "सिंकच्या मागे होता."

मी थँक यू म्हटलं. ती तशीच उभी होती, हात ॲप्रनमध्ये गुंडाळून. वरून कोणाचे तरी बूट गेले. मी म्हटलं, रस्त्यावर बर्फ आहे, जपून गाडी चालव. ती म्हणाली, हो. आणि गेली.

*

त्यानंतर दर नाताळला कार्ड. तिचं यायचं, माझं जायचं. माझं डिसेंबरच्या दहा तारखेच्या आत, न चुकता. तिच्या कार्डात कोंबड्या असत, पाऊसपाणी असे, कोणाचं लग्न, कोणाची बाळं. माझ्यात तुमची आई असे, तिची शाळा, मग तिचं कॉलेज, मग तुम्ही. आजोबा गेले त्या वर्षी तिने फक्त एक ओळ लिहिली होती, आणि ती पेन्सिलीने. त्या सगळ्या कार्डांवर मी कधी एक वाक्य जास्त लिहिलं नाही. दर वर्षी पेन उचलून थांबायचे. कार्डाची जागा लहान असते, असं मी स्वतःला सांगायचे.

गेली दोन वर्षं अक्षर वेगळं आहे, तिच्या मुलीचं. या खेपेला खाली फोन नंबर होता आणि लिहिलं होतं की आई आता वृद्धांच्या एका होममध्ये असते, सकाळी तिला बरं असतं, फोन आलेला आवडतो. ते कार्ड जानेवारीपासून माझ्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली होतं. गेल्या आठवड्यात मी ते काढलं आणि 'कागदपत्रं, ठेवायची' अशा खोक्यात घातलं. ठेवायची. माझी चिठ्ठी लावण्याची ही हुशारी.

मग रेवाने विचारलं, सेम का आहेत.

आज सकाळी खोकं पुन्हा उघडलं. दहा वाजता, म्हणजे तिकडे नऊ. मुलीने फोन घेतला, मग बराच वेळ खरखर, उशा सरकवल्याचा आवाज, मागे टीव्ही. मी माझं नाव सांगायला लागले तर मार्गी म्हणाली, आवाज ओळखला, अजून नाकातूनच बोलतेस. मी कोंबड्यांचं विचारलं. आता कोंबड्या नाहीत, खिडकीत एक प्लास्टिकची ठेवली आहे, ती अंडी देत नाही पण खातही नाही. मग दोघींनी आपापले गुडघे सांगितले. मला दिसत होतं की हे असंच चालेल आणि फोन ठेवायची वेळ होईल, पन्नास कार्डांवर झालं तसंच.

"मार्गी, ते कॅल्शियम माझं होतं," मी म्हटलं. "तुझ्या बाटल्यांत काही नव्हतं."

टीव्हीवर कोणीतरी हवामान सांगत होतं. मुलीने तो बंद केला असावा.

"माहीत आहे, हनी."

मी विचारलं, केव्हापासून. ती म्हणाली, दिवाळी का काय तुझी होती ना, त्यानंतर लगेच डबा सापडला तिला. तेव्हा तो फक्त डबा होता, उचलून तिने तिच्या कपाटात ठेवला. वर पाठवल्यावर आठवण झाली, तेव्हा उघडला. आधी वाटलं आमच्या स्वयंपाकातलं काही असेल, म्हणून जिभेला लावून पाहिलं. आणि कोंबड्यांना अंड्याच्या कवचासाठी जी दगडाची पूड घालतात, तीच चव. हे सांगताना तिला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि मुलीने पाणी दिलं ते मला ऐकू आलं.

मी विचारलं, मग तू प्रोफेसरांना का नाही सांगितलंस.

"ते तू सांगायचं होतंस."

तिने ते रागाने म्हटलं नाही. बाटली कुठल्या फळीवर ठेवायची ते सांगावं, तसं म्हटलं.

"त्या पहिल्या वर्षी मी वाट पाहिली," ती म्हणाली. "शुक्रवारी खाली यायचे ना, ते त्यासाठीच. मग पुढे अंड्यांचीच सवय झाली."

तिने वाट पाहिली, आजही, थोडा वेळ. मग म्हणाली, ती पूड असते तरी कशासाठी, इतकी वर्षं विचारायचं राहिलं. मी सांगितलं, आमच्याकडे रोज सकाळी दारासमोर तिची नक्षी काढतात, येणाऱ्याने आत यावं म्हणून. आणि पुसून गेली तर? तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची. ती म्हणाली, बरं आहे. मग तिचा आवाज बारीक होत गेला. सकाळची ताकद संपत आली होती.

"तिसरी लहान असायला हवी होती ना?"

"हो," मी म्हटलं. "तू म्हणाली होतीस."

"म्हटलं होतं मी," मार्गी म्हणाली, आणि फोन मुलीकडे गेला.

ती मला माफ करते असं तिने म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. तो प्रश्न मला तिच्यावर आणखी टाकायचा नव्हता.

*

आता दुपार आहे. बाहेर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू आहे. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर ती गुंडाळी पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. चष्मा लावून रेघ पाहिली. किती स्पष्ट आहे. कोणालाही दिसावं इतकं. अकरा वर्षांच्या मुलीला दिसलं, कोंबड्या पाळणाऱ्या बाईला दिसलं. दोन डिग्र्यांना दिसलं नाही, किंवा दिसलं.

रेवा, तुझं उत्तर असं. बाहेरून कॅल्शियम मिळत नसेल तर स्नायू आतल्या साठ्यावर एकदा जोर लावतो. दुसऱ्यांदा थोडा कमी. तिसऱ्यांदा जवळजवळ नाहीच. थकणं हीच खरी रेघ असते. माझ्या टेकड्या थकल्या नाहीत, कारण मी काच घासली होती, आणि मग गप्प राहिले.

शिवणाच्या डब्यातून सुई काढली. इतक्या वर्षांची लाख कडक झाली आहे, सुईखाली तिचे बारीक पापुद्रे उडतात आणि वास येतो. 'कॅल्शियम-फ्री' यावर आडवी रेघ मारली आणि खाली मराठीत कोरलं: 'कॅल्शियम होतं. रांगोळी, माझी. मार्गी बरोबर होती.' पाऊण तास लागला. मग गुंडाळी नळीत घातली. डबाही आहे, अर्धा भरलेला, मार्गीची चिकटपट्टी पिवळी पडून अजून झाकणाला आहे. तो नळीशेजारी ठेवला. त्याला चिठ्ठी लावली: 'रांगोळी'. पहिल्यांदाच.

नळीवरची जुनी चिठ्ठी निघता निघेना, पाण्याने भिजवून काढली. नव्या चिठ्ठीवर लिहिलं आहे: 'रेवासाठी. तिसरी लहान हवी होती.'